सोयाबीन-हळदीच्या गावाला दर आठवड्याचा उपग्रह नकाशा घ्यावा का?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांचा प्रश्न असा आहे: गावाचं शिवार साधारण ९०० हेक्टर. खरिपात सोयाबीन आणि तूर, विहीर-बोअर असलेल्यांकडे हळद, रब्बीत हरभरा. एका खासगी कंपनीने एकरी वार्षिक वर्गणीवर दर आठवड्याला पिकाच्या हिरवेपणाचा उपग्रह नकाशा मोबाइलवर द्यायची तयारी दाखवली आहे. त्यातून खत आणि पाणी दोन्ही वाचेल, असं ते म्हणतात. तर हे घ्यावं का? आणि नाही तर या नकाशांचा शेतीला दुसरा काही उपयोग आहे का? प्रश्नाच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय की डिसेंबर संपता संपता विहिरी तळाला जातात आणि हळदीच्या शेवटच्या पाण्याच्या पाळ्या चुकतात.

मी पाणलोट आणि जमिनीच्या नकाशांचं काम करते. माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. तुमच्या गावाला 'पीक हिरवं आहे का' हे कळत नाही, अशी अडचण नाहीच. बांधावर उभं राहिलं की ते दिसतं. अडचण ही आहे की गावात पाणी किती आणि त्यावर हळद किती, याचा हिशोब कुणाकडे नाही. तो हिशोब नकाशाशिवाय होत नाही. म्हणून माझं उत्तर: साप्ताहिक वर्गणी या वर्षी नको, पण नकाशे मात्र हवेत, आणि त्यातले बरेचसे फुकट मिळतात.

आधी त्या साप्ताहिक नकाशाबद्दल. असे नकाशे बहुधा युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांवरून बनतात. ही चित्रं साधारण दर पाच दिवसांनी मिळतात आणि कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. त्यातला सगळ्यात बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा. एका एकरात असे चाळीस ठिपके बसतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण चौरस एकराची बाजू जेमतेम ६४ मीटर असते. कडेच्या ठिपक्यांत बांधावरची बाभूळ, शेजाऱ्याचं शेत, गाडीवाट असं सगळं मिसळतं. ते वगळले की खात्रीचे पंधरा-सोळाच उरतात. आपल्याकडची वाटण्यांतून झालेली लांबट पट्टी असेल, समजा रुंदी २० मीटर, तर निव्वळ त्या शेताचा म्हणावा असा ठिपका सापडणंही मुश्कील. दहा एकरांच्या सलग तुकड्याला हा नकाशा बरा बोलतो, पट्टीला नाही. तुमच्या सभासदांची शेतं कशी आहेत यावर इथे बरंच अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट ढगांची. सोयाबीन शंभर दिवसांचं पीक, आणि त्यातले जुलै-ऑगस्ट ढगात जातात. त्या काळात महिन्याला एखादं निरभ्र चित्र मिळालं तरी खूप. मग ॲपवर दर आठवड्याला नकाशा येतो कुठून? कधी ढगातून आरपार बघणाऱ्या रडार उपग्रहाची मदत घेतलेली असते, कधी दोन चित्रांमधली पोकळी सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेली असते. दोन्ही पद्धती वापरात आहेत, पण नकाशावर तसं लिहिलेलं असायला हवं. तुम्ही त्या कंपनीला एवढंच विचारा की मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या गावाचं प्रत्यक्ष चित्र कोणकोणत्या तारखेचं आहे. उत्तर देताना ते किती घुटमळतात त्यावरून बरंच कळेल.

तिसरी गोष्ट खताची, आणि हिच्याबद्दल मला जरा रागच आहे. एनडीव्हीआय नावाचा जो निर्देशांक दाखवतात, तो पान लाल प्रकाश किती शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश किती परत फेकतं, यावरून काढतात. पालेदार निरोगी पिकाचा आकडा एकच्या दिशेने जातो, उघड्या जमिनीचा शून्याच्या जवळ राहतो. गहू, मका अशा पिकांत त्यावरून युरियाचा हप्ता कमी-जास्त करण्याच्या पद्धती बसवल्या गेल्या, तिथे त्याला अर्थ आहे. सोयाबीन मात्र मुळावरच्या गाठींतून स्वतःचं नत्र मिळवतं. त्याला लागणारं थोडं नत्र पेरणीबरोबरच देतात. वरून युरिया टाकायचाच नाही, तर तो कुठे कमी टाकायचा याचा नकाशा कशाला? स्फुरद, जस्त, गंधक यांची कमतरता या निर्देशांकातून ओळखू येत नाही. हळदीला नत्र हप्त्याहप्त्याने द्यावं लागतं, तिथे उपयोग होऊ शकला असता. पण हळदीने सरी झाकली की आकडा वर जाऊन तिथेच चिकटतो आणि चांगल्या-मध्यम पिकातला फरक पुसला जातो. उसातही हेच होतं. त्यावर लाल आणि निकट-अवरक्त यांच्या मधल्या प्रकाशावरून काढलेले वेगळे निर्देशांक आहेत, पण सेंटिनेलवर त्यांचा ठिपका २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा.

आणि पिवळा डाग दिसला तरी कारण नकाशा सांगत नाही. पिवळा मोझॅक असेल, खोडमाशी असेल, पाणी साचलं असेल, चुनखडीमुळे लोह मिळत नसेल, किंवा पेरणीच दहा दिवस उशिरा झाली असेल. उलट तणाने भरलेलं शेत नकाशावर झकास हिरवं दिसतं! शेवटी जाऊन बघावंच लागतं. शिवार मोठं असेल आणि फिरणारी माणसं कमी असतील, तर कुठे आधी जायचं हे ठरवायला नकाशा कामाचा आहे. तुमच्याकडे मात्र प्रत्येक शेतात त्याचा मालक रोज जातो.

आता पाण्याकडे येते, कारण तुमचा फायदा इथे आहे.

हिशोब सोपा आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी. पाऊस ८०० मिलिमीटर धरला तर हेक्टरी ८,००० घनमीटर. पाणलोटाच्या कामात हजार घनमीटरला एक टीसीएम म्हणतात, म्हणजे हेक्टरी ८ टीसीएम आणि ९०० हेक्टरवर ७,२०० टीसीएम. आकडा मोठा आहे, पण त्यातला मोठा वाटा खरिपाचं पीक आणि उन्हाने उडणारी वाफ घेऊन जाते, काही ओढ्याने वाहून जातो. विहिरीला मिळतं ते उरलेलं. भूजलाच्या अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या मानकांत झिजलेल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या खडकात, पावसाच्या सुमारे ७ टक्के पाणी मुरतं असं धरतात, सच्छिद्र आणि भेगाळलेल्या बेसॉल्टमध्ये सुमारे १३ टक्के, आणि सलग कातळात जेमतेम १ टक्का. तुमच्या गावाखाली यातलं काय आहे हे विहिरी खोदणाऱ्यांना आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला माहीत असतं. ७ टक्के धरले तर तुमच्या हातात साधारण ५०० टीसीएम आले.

पाऊस उघडल्यावर हळदीला ठिबकवर ५०० मिलिमीटर पाणी लागतं असं धरू, म्हणजे हेक्टरी ५ टीसीएम. मग ५०० टीसीएमवर १०० हेक्टर हळद बसते, तीही गावाने पिण्याला, जनावरांना आणि हरभऱ्याला थेंबभर न घेता. हरभऱ्याला दोन पाळ्या, प्रत्येकी ६० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी सव्वा टीसीएमसुद्धा नाही. तेवढ्याच पाण्यात ४०० हेक्टरवर हरभरा निघतो. हे सगळे आकडे मी गृहीत धरलेले आहेत. तुमच्याकडे प्रवाही पाणी देत असतील तर हळदीचा आकडा बराच वर जाईल. गाव येलदरी, सिद्धेश्वर किंवा इसापूरच्या लाभक्षेत्रात असेल तर गणितच वेगळं होईल. पण आकडे तुमचे घातले तरी प्रश्न तोच राहतो: आज गावात हळद प्रत्यक्षात किती हेक्टर आहे? ई-पीक पाहणीतून सातबाऱ्यावर नोंद होते, पण ती ज्याने-त्याने केलेली असते आणि सगळे करतात असं नाही.

हे उपग्रह बऱ्यापैकी सांगू शकतो, आणि त्यासाठी आठवड्याला नव्हे, वर्षाला तीन चित्रं लागतात. पहिलं ऑक्टोबर अखेरचं. तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं, शेतं उघडी पडलेली असतात आणि हिरवं दिसतं ते हळद, तूर, कापूस किंवा ऊस. दुसरं जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातलं. ऑक्टोबरला उघडं होतं आणि आता हिरवं आहे ते हरभरा किंवा गहू. ऑक्टोबरलाही हिरवं होतं आणि आता पिवळं पडत चाललंय ती बहुतेक हळद किंवा तूर. तिसरं एप्रिलचं. तेव्हाही हिरवं राहिलं ते ऊस, फळबाग किंवा उन्हाळी पीक, म्हणजे सगळ्यात जास्त पाणी पिणारं. आकाशही या तिन्ही वेळांना बहुतेक मोकळं असतं. तूर आणि हळद यांची गल्लत होते, विशेषतः सोयाबीनच्या चार ओळींत एक तुरीची असेल तर ठिपक्यात माती आणि तूर मिसळते. म्हणून प्रत्येक पिकाची निदान पंचवीस-तीस शेतं प्रत्यक्ष फिरून, मोबाइलवर ठिकाण नोंदवून ताडून घ्यायची. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर चालवणारी एखादी पदवीधर मुलगी किंवा मुलगा गावात असेल तर हे काम गावातच होतं.

हे सगळं शून्यापासून करायच्या आधी एक चौकशी करा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे लोक ज्याला पोकरा म्हणतात त्यात, हिंगोली जिल्हा होता. आयआयटी मुंबईने त्या प्रकल्पासाठी क्यूजीआयएसवर चालणारं पाण्याच्या ताळेबंदाचं साधन तयार केलं होतं. तुमचं गाव निवडलेल्या गावांत असेल तर गावाचा ताळेबंद आणि नकाशे आधीच झालेले असतील. सहायक कृषी अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकांना, विचारा. आकडे जुने असले तरी चौकट तयार मिळेल.

ताळेबंदाच्या जोडीला विहिरींची पातळी हवी. शिवारात विखुरलेल्या पंधरा-वीस विहिरी निवडा, काही माथ्याच्या, काही ओढ्याकाठच्या. मे अखेर आणि ऑक्टोबर अखेर टेप सोडून पाण्याची खोली मोजा आणि नकाशावर घाला. दोन वर्षांत दिसायला लागतं की शिवाराचा कुठला भाग पावसाने भरतो आणि कुठला कितीही पाऊस झाला तरी भरत नाही. हे उपग्रहाला कधीच दिसणार नाही. आणि हिवरे बाजारची गोष्ट आपण सगळे सांगतो, त्यातला कळीचा भाग हाच आहे: तिथे पावसाच्या मोजमापावरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. ताळेबंद कागदावर असला आणि ग्रामसभेत वाचलाच नाही, तर हळद वाढतच राहते.

एक सावधगिरी. गावाची शीव ही पाणलोटाची शीव नसते. तुमच्या माथ्यावरचा पाऊस शेजारच्या गावात उतरत असेल, किंवा वरच्या गावाचं पाणी तुमच्याकडे. पाणलोटाची रेषा काढायला इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरची किंवा अमेरिकेच्या २००० सालच्या अंतराळ-शटल मोहिमेतली उंचीची माहिती पुरते. ३० मीटरच्या ठिपक्यांवर ओढे, नाले आणि दुभाजक रेषा बऱ्यापैकी येतात. पण त्याच माहितीवरून कुणी बांधबंदिस्तीची आखणी करून द्यायला लागलं तर नको म्हणा. त्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते आणि आपल्या शेतातला एकूण उतारच मीटर-दीड मीटरचा असतो.

ड्रोन वापरायचा तो इथे. पिकाचा रंग बघायला नाही, तर मे महिन्यात जमीन नांगरून मोकळी असताना, एकदाच, उंची मोजायला. जमिनीवर नेमके मोजलेले खुणेचे बिंदू ठेवून उड्डाण केलं तर काही सेंटिमीटरपर्यंतची उंची मिळते. त्यावरून समपातळी रेषा, पाणी साचायच्या जागा, रुंद वरंबा सरीची दिशा, शेततळ्याची जागा ठरते. हा नकाशा दहा वर्षं वापरता येतो. साप्ताहिक वर्गणीचे पैसे तीन-चार वर्षं भरण्याऐवजी हे एकदा करून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेततळ्याबद्दल एक जाता जाता: विहिरीतून उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात साठवलेलं पाणी ही साठवण नव्हे. मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड मीटरच्या वर थर उडून जातो. पावसाचं वाहतं पाणी धरणारं तळं असेल तरच त्याला नकाशात जागा शोधा.

जमिनीचा नकाशा हा तिसरा थर, आणि तुमचं खत खरोखर वाचलं तर इथे वाचेल. एप्रिल-मेच्या उघड्या जमिनीच्या चित्रात काळी खोल जमीन आणि मुरमाड हलकी जमीन रंगावरून वेगळी दिसते. त्यावर मागच्या पाच-सहा वर्षांची सप्टेंबरमधली मिळतील ती निरभ्र चित्रं ठेवायची आणि दरवर्षी गावाच्या सरासरीपेक्षा मागे राहणारे तुकडे शोधायचे. जो तुकडा चांगल्या पावसातही आणि कमी पावसातही मागे राहतो, तिथे दोष जमिनीत आहे: खोली कमी, चोपण, किंवा निचरा नाही. जो एखाद्याच वर्षी मागे पडला तिथे त्या वर्षीची कीड, रोग किंवा पेरणी बघा. पहिल्या प्रकारच्या तुकड्यांत खड्डा घ्या, खोली मोजा, मातीचा नमुना पाठवा. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या चौकटीला एक नमुना घ्यायची पद्धत ठरली होती. तुमच्याकडे एकाच १० हेक्टरांत टेकडीचा मुरूम आणि ओढ्याची गाळाची जमीन दोन्ही येऊ शकतात. त्याऐवजी या पट्ट्यांनुसार नमुने घेतले तर तेवढ्याच खर्चात कितीतरी जास्त कळतं. वीतभर खोलीच्या जमिनीवर सोयाबीन पंधरा दिवसांचा खंड सोसत नाही. तिथे पूर्ण मात्रेचं खत घालणं म्हणजे पैसे मुरमात ओतणं. तिथे ज्वारी, मूग, चारा किंवा बांधावर झाडं, काय ते तुम्ही ठरवा.

नकाशे जुळवताना त्रास गटाच्या हद्दींचा होईल. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट दिसतात, पण ते जुन्या कागदी नकाशांवरून आलेले आहेत. उपग्रह चित्रावर ठेवले की कुठे दहा, कुठे तीस मीटर सरकलेले दिसतात. रस्त्यांचे फाटे, जुन्या विहिरी, शिवेवरचे दगड अशा खुणांवरून ते बसवून घ्यावे लागतात. नकाशे जुळवायला जगाचे जे यूटीएम पट्टे पाडलेले आहेत, त्यांतल्या ४३ उत्तर पट्ट्यात तुमचा जिल्हा येतो, पण पूर्वेला यवतमाळकडे ७८ रेखांश ओलांडला की ४४ सुरू होतो. तिकडच्या कुणाकडून तयार फाइल घेतली तर हे आधी तपासा. आणि प्रत्येक छापील नकाशावर ठळक लिहा: 'हा मोजणीचा नकाशा नाही.' नाहीतर दोन भावांतला बांधाचा वाद तुमच्या उत्पादक कंपनीच्या दारात येईल, आणि मग पाण्याचं बोलायला कुणी थांबणार नाही.

क्रम विचाराल तर असा: आत्ता जुन्या चित्रांवरून गेल्या तीन वर्षांतली हळद आणि बारमाही पिकं मोजून घ्या. मे महिन्यात विहिरींची पातळी, आणि पैसे जमले तर ड्रोनने उंची. पेरणीआधी पट्ट्यांनुसार माती परीक्षण. ऑक्टोबर अखेर पुन्हा विहिरी, पावसाची बेरीज आणि ताळेबंद. हळद लावली जाते मे-जूनमध्ये आणि ताळेबंद होतो ऑक्टोबरला, ही यातली खरी अडचण आहे. ऑक्टोबरच्या आकड्यावरून हरभरा-गहू ठरवता येतं, हळद नाही. म्हणून हळदीची मर्यादा सरासरी पावसावर न ठरवता, तुमच्या मंडळातल्या मागच्या दहा वर्षांपैकी कमी पावसाच्या तीन-चार वर्षांवर ठरवा. यावर गावात वाद होईल. मोठे बागायतदार म्हणतील, आमची बोअर आमची. त्यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर नाही. विहिरींच्या पातळीचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला असला की निदान चर्चा आकड्यांवर होते.

आणि एवढं करूनही ती वर्गणी घ्यावीशी वाटली, तर एक हंगाम, फक्त हळदीच्या सलग मोठ्या तुकड्यांसाठी घ्या. करारात दोन गोष्टी लिहून घ्या: मूळ नकाशे जिओटिफ स्वरूपात, म्हणजे ठिकाणाच्या माहितीसकट क्यूजीआयएसमध्ये उघडता येणाऱ्या फाइलींत, तुम्हाला मिळतील, नुसते ॲपवर दिसणार नाहीत. आणि सभासदांच्या शेतांची माहिती तुमच्या लेखी परवानगीशिवाय विमा कंपनी, निविष्ठा विक्रेते किंवा व्यापारी यांना दिली जाणार नाही.

गावातल्या विहिरी आणि बोअरची साधारण खोली, हळदीला ठिबक किती जणांकडे आहे, आणि गाव कालव्याखाली आहे का, एवढं कळवलंत तर वरचा ५०० टीसीएमचा आकडा तुमच्या गावापुरता नीट करून देता येईल.